खिशात चाकू ठेवावा का? एका फौजदारी वकिलाचं उत्तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा २४ वर्षांचा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सेकंड शिफ्टला. रात्री बारानंतर सुटतो आणि मच्छेच्या पुढे आपल्या गावी बाईकवरून एकटाच जातो. मध्यंतरी त्याच्यासोबतच्या एकाचा मोबाईल वाटेत हिसकावून नेला. त्यानंतर एका ढाब्यावर गाडी लावण्यावरून याचीच चार पोरांशी बाचाबाची झाली, आणि ती 'बघून घेतो तुला' म्हणून निघून गेली. मग याने ऑनलाइन एक घडीचा चाकू मागवला. पातं साडेतीन इंच, खोक्यावर ठळक अक्षरांत 'सेल्फ डिफेन्स'. भाऊ म्हणतो, नऊ इंचांखालचा चाकू कायद्यात बसतो. आई म्हणते, विहिरीत टाक. त्याचं म्हणणं एवढंच: 'वकीलसाहेब, कुणाला मारायचं नाही, नुसता जवळ असावा. ठेवू का नको?'

नको.

आईचं बरोबर आहे. फक्त विहिरीत टाकू नका, तिथून चाकू काढून दिल्याचे पंचनामे आमच्याकडे भरपूर आहेत. घरी कांदे चिरायला ठेवा.

आता कारणं. बेळगावच्या कोर्टात मी फौजदारी खटले चालवतो. मारामारीत चाकू निघालेली प्रकरणं दोन्ही बाजूंनी लढवली आहेत, मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. अशा प्रसंगी खिशातला चाकू जीव वाचवायला फारसा उपयोगी पडत नाही, पण पुढे कोर्टात जे चालतं ते मात्र सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आधी भावाचे नऊ इंच. ते हवेतून आलेले नाहीत. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखाली २०१६ साली नवे नियम झाले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, संगिनी, भाले यांच्याबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू-सुरे येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून ऊसतोडीच्या दिवसांत कॅरियरला कोयता बांधून निघालेल्या माणसाला कुणी अडवत नाही, आणि नारळवाल्याला लायसन काढावं लागत नाही. तेव्हा साडेतीन इंची चाकूला परवाना लागत नाही, इथपर्यंत भावाचं बरोबर. मोबाईलवर तीन इंचांचा आणखी एक आकडा फिरत असतो. तो दिल्लीचा आहे. तिथल्या प्रशासनाने खटक्याच्या, बटणाच्या चाकूंसाठी वेगळी अधिसूचना काढली होती, त्यात पात्याची लांबी ७.६२ सेंटिमीटर धरली आहे. आपल्याकडे तिचा संबंध नाही. तरी व्हिडिओ बघून आलेली पोरं मला तो आकडा छातीठोकपणे सांगतात.

पण परवाना लागत नाही म्हणजे हवा तिथं, हवा तेव्हा, हव्या त्या कारणासाठी बाळगावा असं होत नाही. आपल्या भागात तर मुळीच नाही. इथलं वर्षच बघा. १ नोव्हेंबरला सरकार राज्योत्सव करतं आणि मराठी माणूस काळा दिन पाळतो. १७ जानेवारीला हुतात्मा दिन. सुवर्ण विधानसौधला हिवाळी अधिवेशन भरलं की तिकडे मोर्चे आणि इकडे महामेळावा. शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीचं विसर्जन, मधेच एखादी निवडणूक. यातल्या बऱ्याच वेळी जमावबंदीचा हुकूम निघतो. पूर्वी तो १४४ कलमाखाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली. शिवाय कर्नाटक पोलीस अधिनियम १९६३ चं ३५ वं कलम आहेच. तुमच्यासोबतचे काही जण शिनोळीच्या कारखान्यात जात असतील. तिथे पाऊल टाकलं की चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र, आणि तिथे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ३७ वं कलम. त्या हुकमातली भाषा आमच्या पिढीला तोंडपाठ आहे: शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, दंडे, सुरे, काठ्या बाळगण्यास मनाई. असा हुकूम असताना कुणी पट्टी घेऊन पातं मोजत बसत नाही. काठीला जिथे बंदी, तिथे साडेतीन इंचांचं कौतुक कोण करणार?

आता मला खरी भीती वाटते ती 'सेल्फ डिफेन्स' छापलेल्या त्या खोक्याची. शस्त्र अधिनियमात शस्त्र म्हणजे काय, तर हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वा तशी करून घेतलेली वस्तू. 'बचावासाठी' हे त्या व्याख्येतच आहे. फक्त शेतीला किंवा घरकामाला वापरायच्या वस्तू आणि साधी लाठी-काठी तिच्यात धरलेली नाही. आता रात्री साडेबाराला पिरनवाडीजवळ नाकाबंदी आहे असं समजा. कॉन्स्टेबल खिसे चाचपतो आणि विचारतो, 'हे कशाला?' इलेक्ट्रिशियन सांगेल, वायर सोलायला. बागाईतदार सांगेल, कलमं बांधायला. त्यांच्या पिशवीत टेस्टर असतो, सुतळी असते, त्यामुळे बोलणं पटतं. तुम्ही खरं बोलाल, कारण तुमच्या मनात पाप नाही: 'साहेब, संरक्षणासाठी.' म्हणजे ती वस्तू भाजीची नाही, माणसासाठी आहे, हे तुम्हीच सांगून मोकळे झालात. एवढ्यावर शिक्षा होईलच असं मी म्हणत नाही, बहुधा होणारही नाही. पण नाव-गाव लिहून घेतलं जाईल, चाकू जप्त होईल. आणि उद्या त्या ढाब्यावरच्या पोरांपैकी कुणाला काही झालं, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

गाडीच्या डिकीत ठेवला तर? हाही प्रश्न येतोच. ताबा हा जाणीवपूर्वक असायला हवा, म्हणजे वस्तू आपल्याकडे आहे हे माणसाला ठाऊक असायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे. कायदा म्हणून हे तुमच्या भावाच्या बाजूचं आहे. तीच बाईक घेऊन तो पहाटे भरतीच्या तयारीला मैदानावर जातो, असं तुम्ही लिहिलंय. डिकीत काय आहे हे त्याला माहीत नसेल, तर तो निर्दोष. पण हे सिद्ध कुठं होणार? कोर्टात, सावकाश. चारित्र्य पडताळणीचा कागद तेवढा थांबत नाही. आपल्याकडच्या घरांत एक तरी पोरगा फौजेत जायला धडपडत असतो, मराठा लाईट इन्फन्ट्रीचं केंद्रच इथे कॅम्पात आहे. अशा घरात चाकूची नोंद म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. दोन-तीन प्रकरणं साचली तर कर्नाटकात रौडीशीट उघडतात, म्हणजे पोलिसांच्या गुंडांच्या यादीत नाव चढतं. एकदा त्या यादीत नाव गेलं की प्रत्येक सणाला, प्रत्येक इलेक्शनला ठाण्यात बोलावणं येतं आणि बाँड लिहून द्यावा लागतो. मुलं शाळेत जायला लागली तरी बाप अजून परेडला हजर, अशी माणसं मी बघतो.

कायदा क्षणभर बाजूला ठेवून चाकू कामाला येतो का ते बघू. मुलींच्या एका कॉलेजात स्वसंरक्षणाचं शिबिर होतं, मला कायद्यावर बोलायला बोलावलं होतं. माझ्या आधी ज्युदोचे एक प्रशिक्षक होते. त्यांनी तालमीतल्या दोन धडधाकट पोरांना पांढरे टी-शर्ट घालून उभं केलं आणि एकाच्या खिशात चाकूऐवजी लाल मार्कर दिला. दुसऱ्याला सांगितलं, कुठल्याही क्षणी याच्यावर धावून जा. पहिल्या खेपेला मार्कर खिशातून बाहेरच आला नाही, पोरगा हात खिशात अडकलेल्या अवस्थेत खाली पडला. दुसऱ्या खेपेला बाहेर आला, पण टोपण काढायला दोन्ही हात लागले. तोवर समोरच्याने मनगट धरलं होतं. तिसऱ्या खेपेला टोपण काढूनच सुरुवात केली. वेगळं केलं तेव्हा दोघांच्याही अंगावर लाल रेघा होत्या. ज्याच्या हातात मार्कर होता त्याच्या स्वतःच्या तळव्यावर, मांडीवर, एक तर गळ्याजवळ. हसणाऱ्या मुली ती गळ्याजवळची रेघ बघून गप्प झाल्या. घरी भावाबरोबर करून बघा, दहा रुपयांचा स्केचपेन पुरतो.

घडीच्या चाकूचं असंच होतं. खिशातून काढायचा, उघडायचा, नीट धरायचा. घाबरलेल्या माणसाची बोटं अशा बारीक कामाला साथ देत नाहीत. स्वस्तातल्या चाकूचं कुलूपही कच्चं असतं. टोक कशावर आदळलं की पातं मिटतं आणि आपल्याच बोटांवर येतं. शिवाय चाकू लागलेला माणूस सिनेमातल्यासारखा लगेच कोसळत नाही. पुष्कळांना जखम झाल्याचं कळतसुद्धा नाही, ते ठोसा लागला असं समजतात आणि मारत राहतात. म्हणजे समोरच्याला थांबवण्याचं काम होत नाही. तो दहा मिनिटांनी रक्तस्राव होऊन मरतो, भांडण संपल्यावर. मांडीतली शीर तुटली की जिल्हा रुग्णालय जवळ असूनही उपयोग होत नाही. ज्यांना कुणाला मारायचं नव्हतं, अशी माणसं याच मार्गाने हिंडलग्याच्या जेलात गेलेली मी पाहिली आहेत. चौघांसमोर चाकू काढला तर आणखी एक होतं. ती चौघं दम देऊन निघून गेली असती, पण चाकू दिसला की त्यांतला एक दगड उचलतो, दुसरा गाडीतला रॉड काढतो.

स्वसंरक्षणाचा अधिकार मात्र खरा आहे, आणि आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे. आधी तो दंडसंहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जिवाला धोका असेल, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा होत नाही. कलम ३८ तेच सांगतं. पळून जाण्याचं बंधनही तुमच्यावर नाही. कायदा नागरिकाकडून भेकडपणाची अपेक्षा करत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शनसिंग खटल्यात स्पष्ट म्हटलं. संकटात सापडलेल्या माणसाने केलेला प्रतिकार नंतर सोन्याच्या काट्यावर तोलू नये, हेही न्यायालयं अनेक वर्षं सांगत आली आहेत.

मग अडतं कुठं? अडतं त्याच न्याय संहितेच्या ३७ व्या कलमात. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला सवड असताना हा अधिकार सांगता येत नाही. शिवाय आपण बचावात होतो हे दाखवण्याचा भार आरोपीवर येतो. सरकार पक्षाइतका कडक पुरावा द्यावा लागत नाही, शक्यता आपल्या बाजूला झुकवली तरी पुरतं. पण त्या शक्यतेचा खेळ चाकूच बिघडवतो.

कोर्टात तो येतो तेव्हा कापडात गुंडाळलेला असतो. वर सुतळी, गाठीवर लाखेचं सील, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या. शिरस्तेदार सील फोडतात, कापड उलगडतं, आणि आत तळहाताएवढी वस्तू निघते. आमच्या कोर्टांत त्याला एमओ एक म्हणतात, म्हणजे मटेरियल ऑब्जेक्ट, मुद्देमालातली पहिली वस्तू. सरकारी वकील ती हातात धरून आरोपीच्या साक्षीदाराला दाखवतात आणि साध्या आवाजात विचारतात: 'मारामारी अचानक झाली म्हणता. मग हा त्या दिवशी त्यांच्या खिशात कसा?' एका प्रश्नात अचानक झालेलं भांडण तयारीनिशी झालेलं होतं. रस्त्यावरचा दगड, हातातलं हेल्मेट, हिसकावून घेतलेली काठी यांनी मारलं असतं, तर हा प्रश्न विचारताच आला नसता. तुमच्यासारखेच आरोपी त्यावर खाली मान घालून उभे असतात.

कलमांतला फरकही बघा. हाताने मारलं आणि साधी दुखापत झाली तर कलम ११५(२). गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. तेवढीच जखम चाकूने झाली तर ११८(१). दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. जखम गंभीर असेल तर ११८(२), तिथे जन्मठेपेपर्यंत मजल जाते. आणि वार पोटावर किंवा छातीवर असला की पोलीस हमखास १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न लावतात. मग सेशन कोर्ट, हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठापर्यंत जामिनाच्या खेपा, आणि आईच्या गळ्यातलं बँकेत.

मोबाईल हिसकावण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमची भीती तिथूनच सुरू झाली. नुसतं हिसकावून पळणं हा आता कलम ३०४ चा स्वतंत्र गुन्हा आहे. फोन वाचवायला झटापट करण्याचा अधिकार तुम्हाला आहे, पण फोनसाठी माणसाचा जीव घेण्याचा नाही. तो अधिकार दरोडा, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, जाळपोळ किंवा ज्यात जिवाची भीती आहे अशा चोरीपुरता आहे. गाडीवरून पळणाऱ्याच्या मागे लागून पाठीत वार केलात तर बचावाची भाषा तिथेच संपते.

मित्रांचंही लक्षात ठेवा. तुमच्यासोबत चौघे असतील, पाचवे तुम्ही, आणि ढाब्यावर हमरीतुमरी झाली, तर बेकायदा जमावाचं कलम लागतं. पाच माणसांत एकाकडे चाकू असला तर त्याच्यावर १९१(३), त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्याने भोसकलं तर समान उद्देशाखाली बाकीचे चौघेही आत. त्यातून हा आपला भाग. एक पोरगा मराठी, दुसरा कन्नड, आणि भांडण गाडी लावण्यावरून. संध्याकाळपर्यंत त्याचा मोबाईलवर भाषेचा वाद झालेला असतो. दोन्ही बाजूंच्या संघटना ठाण्यासमोर, दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं १९६ कलम वर, आणि मिटवामिटवी करायला आलेल्या पंचांनाही मागे सरावं लागतं. हाताची मारामारी दोन घरचे वडीलधारे चहावर बसून मिटवतात. चाकूची कुणाला मिटवता येत नाही.

पेपर स्प्रेबद्दल, म्हणजे डोळ्यांत मारायच्या तिखट फवाऱ्याबद्दल, मुली नेहमी विचारतात. विकत घ्यायला लायसन लागत नाही, आणि चाकूच्या तुलनेत तो शंभर पटींनी बरा, कारण लांबून वापरता येतो आणि माणूस मरत नाही. पण तोही मनाला येईल तसा वापरायचा नाही. २०२४ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने स्प्रे मारणाऱ्याविरुद्धचा खटला रद्द करायला नकार दिला. जिवाला धोका नव्हता तर हा बचाव कसा, असं विचारलं, आणि स्प्रे हे घातक हत्यार ठरू शकतं असं निरीक्षण नोंदवलं. म्हणजे अंगावर येणाऱ्यावर मारा, बसमध्ये सीटवरून भांडणाऱ्यावर नको.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांचा प्रश्न निराळा. कणकुंबी, हेम्माडगा, भीमगडच्या बाजूला माणूस सुरी बाळगतो ती वाट काढायला, आणि धाक असतो अस्वलाचा. तिथे काठी, बॅटरी, मोठ्याने बोलत चालणं आणि दोघा-तिघांनी मिळून जाणं हेच जुने लोक करत आले. अस्वलापुढे साडेतीन इंच काय करणार! त्यांना माझं काही सांगणं नाही. उलट उद्यमबागेतून निघणाऱ्याला मी विचारेन, रात्रीची खरी भीती कोणाची आहे? निम्म्या लोकांना ती कुत्र्यांची असते. गाडीमागे कुत्री लागली की वेग कमी करायचा, पाय वर घ्यायचे नाहीत. चाकूचं तिथे काय काम?

मग करायचं काय? सुटल्यावर एकटं निघू नका. तुमच्याच शिफ्टला पिरनवाडी, मच्छे, देसूरकडचे लोक असणार. गेटवर पाच मिनिटं थांबून तीन-चार गाड्या मिळून निघा. मालकाला किंवा सुपरवायझरला सांगून गेटवरच्या वॉचमनकडे निघाल्याची वेळ लिहायला लावा. उद्या काही झालं तर ती वही तुमची साक्षीदार. तिसऱ्या रेल्वे गेटपासून पुढे उजेडाच्या रस्त्यानेच जा, दहा मिनिटं वाचवायला शेतातली वाट नको. कुणी गाडी आडवी घातली तर उतरू नका, वळून मागे जा. पेट्रोल पंप, दवाखाना, चहाची गाडी, जिथे माणसं आणि कॅमेरा आहे तिथे थांबा. ११२ स्पीड डायलला टाकून ठेवा. उतरावंच लागलं तर हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. काढलंच असेल तर पुढे धरा, डोकं आणि गळा त्याच्याआड. ते तुमच्या हातात कसं आलं, हे तुम्हाला जगातला कुठलाही वकील विचारू शकत नाही. आणि घसा फोडून ओरडा, लाज बाळगू नका. रात्री आवाज अर्धा मैल जातो.

एवढं करूनही हातघाई झालीच, तर सुटल्या क्षणी तिथून निघा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. स्वतःच्या जखमा, खरचटणंसुद्धा, एमएलसीत, म्हणजे दवाखान्याच्या मेडिको-लीगल नोंदीत, लिहून घ्या. आपल्याकडे दोन्ही बाजूंच्या क्रॉस केसेस होतात, आणि 'आरोपीच्या अंगावरच्या जखमांचं काय?' हा प्रश्न बचाव पक्षाचं मोठं बळ असतो. पण त्या जखमा कागदावरच नसतील तर तो विचारायचा कशावरून? समोरच्याच्या अंगात काही रुतलं असेल तर ते ओढून काढू नका. कापडाने दाबून धरा आणि १०८ बोलवा. त्याचा जीव वाचला तर तुमची केस निम्मी हलकी होते, माणुसकी तर आहेच. कपडे धुऊ नका. ऊसात काही फेकू नका. लपवलेली वस्तू पोलीस तुमच्याच हातून काढून घेतात. जप्तीचं आता मोबाईलवर चित्रीकरण होतं, आणि निष्पाप माणसाने लपवलं कशाला याचं उत्तर शोधताना माझ्यासारख्याच्या तोंडाला फेस येतो. 'मी तिथे नव्हतोच' असंही सांगू नका. पुढे बचावाचा मुद्दा मांडायचा असेल तर तुम्ही तिथे असायलाच हवं.

कागद कन्नडमध्ये असणार. न समजता सही करू नका. फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तपासात घेतलेल्या जबाबावर तर सहीची गरजच नसते. पण यावरून ठाण्यात हुज्जत घालत बसू नका. कन्नड वाचणारा एखादा नातेवाईक किंवा तुमचा वकील सोबत न्या. घटना हद्दीपलीकडे, चंदगड बाजूला घडली असली तरी बेळगावच्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, नोंदवता येतो. 'ते महाराष्ट्राचं आहे' म्हणून परत पाठवता येत नाही.

राहिली ती ढाब्यावरची चार पोरं. तुमच्याकडे त्यांच्या गाडीचा नंबर आहे असं लिहिलंय. उद्या सकाळी शिफ्टच्या आधी ठाण्यात एक साधा अर्ज द्या. तारीख, वेळ, ढाब्याचं नाव, गाडीचा नंबर, त्यांचे शब्द जसेच्या तसे, आणि पोच घ्या. पोलीस त्यांना बोलावतील किंवा नाही, तो भाग वेगळा. पण तुम्हाला धमकी आली होती आणि तुम्ही हत्यार न घेता कायद्याकडे गेलात, हे तारखेनिशी कागदावर येतं. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला ढाबामालकाकडे पाठवून बघायलाही हरकत नाही. अशी पोरं बहुतेक वेळा त्याच्या ओळखीचीच निघतात, आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तोच मध्ये पडतो.

आणि मोबाईल. कुणी सुरा दाखवून मागितला तर देऊन टाका. आज घरी बसून *#०६# दाबा, जो आयएमईआय नंबर येईल तो वहीत लिहून आईकडे ठेवा, फोनचं बिलही तिथेच. फोन गेला तर तक्रार देऊन केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्या नंबराने तो ब्लॉक करता येतो, आणि कुणी त्यात सिम घातलं तर पोलिसांना माग लागतो. तुमच्या त्या सोबत्याने हे केलंय का, विचारा. नसेल केलं तर त्यालाही ठाण्यात घेऊन जा, दोघांचे अर्ज एकाच खेपेत होतील.